टेबल क्रमांक एकतीस

पाचवी फेरी, धनकवडीतलं मंगल कार्यालय.
पहिल्या दहा टेबलांना गादीच्या खुर्च्या,
आम्हाला प्लॅस्टिकच्या. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली चौथ्या फेरीच्या जोड्यांचा कागद, घडी घालून.

समोर निसार बागवान. मार्केट यार्डात मोसंबीचा गाळा.
पहाटे तीनला उठून, लिलाव उरकून आलेला.
हात दोनदा धुतलेत म्हणाला, तरी
तो उचलेल त्या प्याद्याला सालीचा वास.
मी देवकुळे. सातारा रोडच्या लॅबमध्ये रक्त तपासते.
रिपोर्ट हातात पडायच्या आधी
लोक खिडकीतून माझा चेहरा वाचू बघतात.
मी वाचू देत नाही. निम्मा पगार त्याचाच.

पांढरी माझी.
पहिल्या बारा चाली दोघांच्याही पाठ,
पाढे म्हणावेत तशा, मान वर न करता.
तेराव्याला तो घड्याळ दाबायचं विसरला.
त्याचीच मिनिटं गळत होती. मी सांगितलं.
सांगायला दीड मिनिट घेतलं, हेही सांगते.

एकोणिसावी चाल केली, बोटं सुटली,
आणि कळलं:
वजीर उघडा. त्यानं घोडा उचलला की संपलं.
मी उठले. पाण्याच्या जारपाशी गेले,
पेला भरला, प्यायले नाही.
माझा श्वास टेबलापासून लांब असावा, एवढंच.
परत आले तर त्यानं कडेचं प्यादं
एक घर पुढे सरकवलेलं.

मग दुपार. दोनच्या सुमारास एक प्यादं मला जास्त.
तीनला दारातून झेंडूच्या माळा आत आल्या,
संध्याकाळी कुणा मृण्मयीचा साखरपुडा.
शिडीवरचा मुलगा आमच्या राजांच्या डोक्यावरून
दिव्यांची तार नेत होता.
मागे मसालेभाताची फोडणी बसली,
आणि बेचाळिसाव्या चालीला
मी हत्तीनं हत्ती मारला.

राहिले उंट. त्याचा पांढऱ्या घरांतला, माझा काळ्या.
एकाच पटावर तिरके तिरके हिंडायचे,
या जन्मात धक्का लागायचा नाही.
माझं जास्तीचं प्यादं त्याच्या उंटासमोर
बंद खिडकीपुढे टोकन धरून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
वीस चाली नुसत्या येरझाऱ्या.
पंच थिटे दोनदा खोकले.
शेजारची टेबलं उचलून झाली, सतरंजी गुंडाळून झाली.
बागवाननं पेन खाली ठेवलं.
"बरोबरी?"
मी हात पुढे केला.

अर्धा त्याला, अर्धा मला, कागदांवर दोघांच्या सह्या.
एवढ्यात सहाव्या टेबलावर जिंकून मोकळा झालेला
नऊ वर्षांचा पोरगा, तोंडात चिक्की:
"काकू, हत्ती का मारला? सातव्या ओळीत न्यायचा ना,
ते मेलेच होते."
चार चालींत दाखवलंही त्यानं.
काळा राजा कोपऱ्यात आडवा निजवून
आईला शोधत गेला.

बाहेर चहा घेताना बागवान म्हणाला,
"दिसत होतं मला.
तुम्ही विचारात होतात ना, तेव्हा मी शिडीवाल्याकडेच बघत बसलो.
माझ्या डोळ्यांवरनं तुम्हाला कळलं असतं."
हसला. दात चहाच्या रंगाचे.
पिशवीतून दोन मोसंबी काढली.
"डाग आहे. आतून चांगली आहेत."

बालाजीनगरपर्यंत ती स्कूटरच्या डिकीत घरंगळत होती,
ब्रेक दाबला की पुढे,
सिग्नल सुटला की मागे.

एकोणिसाव्या चालीचं मी त्याला सांगितलं नाही.
पुढच्या रविवारी सांगेन, बघू.
तसंही ती चाल त्याच्याच खिशात आहे,
त्याच्याच अक्षरात.